बीआरझेड आणि ८६ साठी नवे स्वे बार: निवडीपासून शेवटच्या नटापर्यंत

अमेरिकेत सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्या मराठी मंडळींकडे सुबारू बीआरझेड किंवा तिची जुळी बहीण सायन एफआर-एस (२०१७ पासून हिचंच नाव टोयोटा ८६ झालं) हमखास दिसते. साडेबाराशे किलोच्या आसपास वजन, खाली बसवलेलं दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना. गाडी आली की थोड्याच दिवसांत कुणीतरी सांगतं, "स्वे बार बदलून टाक, वळणात झुकायचीच नाही." मग मागचापुढचा विचार न करता कॅटलॉगमधले सर्वांत जाड दोन बार मागवले जातात, आणि पहिल्याच पावसात गाडीचा मागचा भाग सटकायला लागतो.

ऑर्डर देण्याआधी हा लेख वाचा. मी २०१३ ते २०१६ मधल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण काम मी त्याच गाडीवर केलं आहे. तत्त्वं मियाटापासून मस्टँगपर्यंत तीच आहेत, नट-बोल्टच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

१. बार नेमकं काय करतो, ते आधी समजून घ्या

आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात तोच हा स्वे बार. स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला दांडा. मधला भाग दोन बुशांमध्ये (रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पकडींमध्ये) गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली, समजा स्पीडब्रेकरवर, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो, काहीच करत नाही. वळणात मात्र बाहेरचं चाक दाबलं जातं आणि आतलं मोकळं होतं. तेव्हा बारला पीळ पडतो. ओला पंचा पिळताना हाताला जो विरोध जाणवतो, तसा विरोध बार करतो, आणि गाडी कमी झुकते.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन जाणार, हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. बार जाड केला म्हणून हे एकूण वजन कमी होत नाही. बार फक्त ठरवतो, की त्यातलं किती पुढच्या जोडीने सोसायचं आणि किती मागच्या. टायरचा स्वभाव असा, की त्यावरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून पुढच्या-मागच्यापैकी ज्या जोडीचा बार कडक, त्या जोडीच्या बाहेरच्या टायरवर बोजा जास्त आणि त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढचा बार कडक केला तर गाडी वळणात पुढून बाहेर सरकू पाहते, त्याला अंडरस्टीअर म्हणतात. मागचा कडक केला तर मागचा भाग आधी सुटतो, ते ओव्हरस्टीअर.

या गाडीत एक अपवाद आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे, आणि गाडी झुकली की स्ट्रटवरच्या बाहेरच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडतो: टायर रस्त्यावर सपाट न बसता बाहेरच्या कडेवर उभा राहतो. पुढचा बार थोडा कडक केला तर झुकणं कमी होतं, टायर नीट टेकून राहतो आणि पुढची पकड उलट वाढलेली जाणवते. मागे डबल विशबोन (चाकाला वरून-खालून दोन आर्मनी धरणारी रचना) आहे, तिथे हा त्रास फारसा नाही. ऑटोक्रॉसमधले (मोकळ्या मैदानात शंकूंमधून घड्याळाशी शर्यत लावणारे) बरेच जण या गाडीवर आधी पुढचाच बार बदलतात, ते याच कारणासाठी.

२. टायर आणि अलाइनमेंट आधी

तुमच्या गाडीवर अजून कारखान्याचे मिशलॅन प्रायमसी एचपी, २१५/४५ आर १७, असतील तर बारचे पैसे आधी टायरवर घाला. ते टायर मुद्दामच फार चिकट नाहीत, गाडी खेळकर राहावी म्हणून. चांगले उन्हाळी टायर लावले की गाडीचा समतोल पूर्ण बदलतो, आणि आधीच बदललेला बार मग चुकीचा ठरतो.

अलाइनमेंटचंही तेच. कारखान्यातून पुढचा कॅम्बर जवळपास शून्य असतो आणि तो जुळवण्याची सोय नाहीच म्हणा. स्ट्रटच्या बोल्टाच्या जागी बारीक मापाचा कॅम्बर बोल्ट टाकून थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळतो. "गाडी पुढून सरकते" ही अर्धी तक्रार एवढ्यानेच मिटते. हे दोन्ही करून महिनाभर गाडी चालवा. मग ठरवा बार हवाच आहे का. मला वाटतं, निम्म्या लोकांना तो लागणार नाही.

३. किती जाड बार घ्यायचा

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो. या गाडीचा कारखान्याचा बार पुढे १८ मिमी आणि मागे १४ मिमी. दोन्ही बार भरीव आणि आर्मची (बारच्या दोन टोकांकडच्या वळवलेल्या भागाची) लांबी तीच धरली तर १८ वरून २० मिमीवर गेल्याने पुढचा बार सुमारे ५२ टक्के कडक होतो. २२ मिमी घेतला तर तो मूळच्या सव्वादोन पट होतो. मागे १४ चा १६ केला तर ७० टक्के वाढ. आणि कुणी हौसेने मागे १९ मिमी घातला तर जवळजवळ ३.४ पट! कॅटलॉगमध्ये "फक्त ५ मिमी" दिसतं, प्रत्यक्षात ती दुसरीच गाडी होते.

पुढच्या आणि मागच्या मिलिमीटरची एकमेकांशी तुलना करू नका. पुढचा लिंक थेट स्ट्रटला जोडलेला आहे, त्यामुळे चाक जेवढं हलतं जवळपास तेवढंच बारचं टोक हलतं. मागचा लिंक सस्पेन्शनच्या आर्मवर, चाकापासून आत जोडलेला आहे, म्हणून तिथे तोच बार चाकापाशी कमी जोर दाखवतो.

पोकळ बार दिसला तर बिचकू नका. पिळताना सगळं काम बाहेरचा थर करतो, गाभा जवळपास रिकामा बसलेला असतो. २५.४ मिमीचा, ३.२ मिमी जाडीच्या भिंतीचा पोकळ बार त्याच व्यासाच्या भरीव बारच्या साधारण ६९ टक्के कडक असतो, पण वजन फक्त ४४ टक्के. मात्र पोकळ बारची नुसत्या बाहेरच्या व्यासावरून भरीव बारशी तुलना करू नका. विकणाऱ्याकडे भिंतीची जाडी मागा. ती सांगत नसतील तर दुसरीकडे जा.

टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार जुळवता येतो, आणि पहिला बार असाच घ्यावा. लक्षात ठेवा: टोकाकडचं भोक मऊ, आतलं भोक कडक. आर्म आखूड झाला की कडकपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. समजा आर्म २५० मिमीचा २२५ झाला, तर बार सुमारे २३ टक्के कडक झाला. पुष्कळजण हे उलटं समजतात आणि "मऊ" म्हणून कडक सेटिंगवर गाडी फिरवतात.

माझा सल्ला विचाराल तर, मूळ स्प्रिंगवर, रोजच्या वापराच्या गाडीला फक्त पुढचा २० मिमी. त्यावर काही महिने काढा. मग मागचा भाग आळशी वाटलाच तर १६ मिमी, तोही मऊ भोकावर. मागचा बार जाड करण्याआधी या गाडीचा डिफरन्शियल (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आठवा. बहुतेक गाड्यांत टॉर्सन प्रकारचा एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, आहे. तो ज्या चाकाची पकड कमी आहे त्या चाकाच्या पकडीच्या काही पट ताकद दुसऱ्या चाकाला देतो. मागचा बार फार कडक झाला की वळणात आतलं मागचं चाक उचललं जातं, त्याची पकड शून्याकडे जाते, आणि शून्याची कितीही पट शून्यच. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक जागेवर फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. या गाडीची सगळी मजा वळणातून बाहेर पडण्यात आहे, ती अशी घालवू नका.

एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गात उतरायचं असेल तर तिथे एकच बार बदलता येतो, पुढचा किंवा मागचा. दोन्ही बदलले की गाडी वरच्या वर्गात जाते आणि तुमची गाठ कितीतरी जास्त बदल केलेल्या गाड्यांशी पडते. चालू वर्षाचं नियमपुस्तक स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

४. कागद आणि हत्यारं

कागदांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर पस्तावतात. एवढे हाताशी ठेवा:

- तुमच्या वर्षाच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलची सस्पेन्शनची पानं. सुबारूच्या तांत्रिक माहितीच्या साइटवर किंवा टोयोटाच्या टीआयएसवर थोड्या दिवसांची वर्गणी भरून ती मिळतात. प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा तो आकडा, इथूनच घ्या.
- बारसोबत आलेली सूचनापत्रिका आणि बिल. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे तिला दाखवावं लागतं. पण तुमच्याकडेही काय, कधी बसवलं याची नोंद हवी.
- विमा कंपनीला कळवल्याचा ईमेल. एक ओळ पुरते.
- अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार. पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. काही शहरांत तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं आहेत, ती पाहा.

गाडी लीजवर असेल तर हा नाद सोडा.

हत्यारांत: चांगला हायड्रॉलिक जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायचे चॉक, १० ते १९ मिमीचे सॉकेट, तेच पाने, ॲलन कीचा संच, टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे, व्हर्निअर कॅलिपर, पांढरा मार्कर. पॉलियुरेथेनच्या बुशांबरोबर ग्रीसची पुडी येते, ती जपून ठेवा. आणखी एखादी ट्यूब घेऊन ठेवली तर उत्तम.

५. गाडी उचलणं

सपाट काँक्रीट. डांबरावर उन्हात स्टँड रुततात. उताराचा ड्राइव्हवे नको. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, स्टँडवर टेकवा, आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहा. जॅकच्या भरवशावर कुणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, गाडीखाली जाऊ नये. काढलेलं चाक सिलखाली (दारांखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवा.

जो बार काढायचा, पुढचा किंवा मागचा, तिथली डावी-उजवी दोन्ही चाकं एकाच वेळी हवेत हवीत. एकच चाक उचललं तर बारमध्ये पीळ राहतो. नट सुटताच लिंक उसळी मारतो, आणि नवा बार भोकाशी जुळतच नाही.

६. जुना बार काढणं

गंजाच्या पट्ट्यात, म्हणजे मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी अशा हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ठिकाणी, आदल्या रात्रीच लिंकच्या नटांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी ताराच्या ब्रशने आटे साफ करून पुन्हा एकदा.

लिंकच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. नट फिरवायला लागलं की आतला खिळाही बरोबर फिरतो, म्हणून त्याच्या टोकातल्या षटकोनी खाचेत ॲलन की घालून तो धरावा लागतो. खाच गंजलेली असेल तर झिजते, मग नट कापावाच लागतो. त्यामुळे की पूर्ण आत बसली आहे का, ते पाहून मगच जोर लावा. इम्पॅक्ट गन इथे वापरू नका, बॉल जॉइंटचं रबर पिळून फाटतं.

पुढच्या बारसाठी इंजिनखालचं प्लॅस्टिकचं आवरण काढावं लागतं. त्याच्या क्लिपा थंडीत पटापट तुटतात, काही जादा आणून ठेवा. मग दोन्ही ब्रॅकेटचे बोल्ट सोडा आणि बार एका बाजूने बाहेर ओढा. ओढण्याआधी फोटो काढा: बारचा वाक कुठल्या दिशेला आहे, ब्रॅकेटची चीर कुठल्या बाजूला. मागे जागा कमी पडली तर सायलेन्सरचे रबर हँगर सोडून तो थोडा खाली घेता येतो, पण त्याला खालून आधार द्या.

जुना बार बाहेर आला की कॅलिपरने मोजा. सेकंड-हँड गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते तेव्हाच कळतं, आणि तुमचं सगळं गणित त्या मापावर उभं आहे.

७. नवा बार बसवणं

बुशचा आतला व्यास आणि बारचा व्यास जुळतो का ते आधी पाहा. चुकीच्या मापाचे बुश खोक्यात येतात, हे घडतं. पॉलियुरेथेनच्या बुशला आतून सगळीकडे ग्रीसचा भरपूर थर द्या. कोरडा बुश काही दिवसांत कुरकुरायला लागतो आणि मग सगळं पुन्हा खोलावं लागतं. साधं पेट्रोलियम ग्रीस नको. सोबत आलेलं किंवा सिलिकॉनवालं वापरा.

सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे लावा. ब्रॅकेट अर्धवट आवळलेले असतानाच बार डाव्या-उजव्या बाजूला सारखा बाहेर आला आहे का ते मोजा, आणि हाताने वर-खाली फिरवून पाहा. तो थोड्या जोराने पण एकसारखा फिरला पाहिजे. अडकत असेल तर ब्रॅकेट तिरका बसला आहे. बारसोबत लॉक रिंगा आल्या असतील तर बुशांना लागून बसवा, म्हणजे बार वळणात आडवा सरकणार नाही. मग मॅन्युअलच्या आकड्याने टॉर्क द्या आणि प्रत्येक आवळलेल्या नटावर मार्करची रेघ ओढा.

दोन्ही टोकांना एकच भोक वापरा. वेगवेगळी भोकं वापरली तर गाडी एका बाजूला वेगळी वळते, असा एक समज आहे. तो खरा नाही. बार एकच आहे, दोन्ही वळणांत तो मधलाच कडकपणा दाखवतो. पण लिंकचे कोन बिघडतात, म्हणून पहिल्यांदा त्या वाटेला जाऊ नका.

८. लिंकची लांबी

मूळ उंचीच्या गाडीला बऱ्याचदा मूळ लिंक चालतात. गाडी खाली घेतली असेल किंवा आतलं भोक वापरणार असाल तर लांबी बदलता येणारे लिंक घ्या. गाडी चाकांवर उभी असताना लिंक आणि बारचा आर्म यांच्यात साधारण काटकोन असावा.

जुळवायची पद्धत अशी: गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जागी किंवा रॅम्पवर, चारही चाकं एका पातळीत. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाचं कुणीतरी बसलेलं. एका बाजूचा लिंक पूर्ण जोडा. दुसऱ्या बाजूचा लिंक फिरवून अशा लांबीवर आणा, की बोल्ट भोकात हाताने सहज सरकेल. सरकला म्हणजे बारमध्ये पीळ उरलेला नाही. मग लॉकनट आवळा. हे टाळलं तर सरळ रस्त्यावरही बार एका कोपऱ्याला ढकलत राहतो.

चाकाचे नट १२० न्यूटन-मीटर, म्हणजे ८९ फूट-पाउंड, ताऱ्याच्या क्रमाने. निघण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून लिंक ब्रेकच्या नळीला किंवा एबीएसच्या वायरला लागत नाही ना ते बघा. मागे ड्राइव्ह शाफ्टपासून मोकळी जागा आहे ना तेही.

९. चाचणी

महामार्गाच्या रॅम्पवर चाचणी करू नका. ऑटोक्रॉसचा सराव दिवस यासाठीच असतो: मोकळं मैदान, शंकू, आणि शेजारी बसायला अनुभवी माणूस. टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवा, नाहीतर बदल बारचा की हवेचा ते कळणार नाही. एका वेळी एकच भोक बदला.

तीन ठिकाणी लक्ष द्या. वळणात शिरताना गाडी किती लवकर प्रतिसाद देते, हा फरक सर्वांत आधी जाणवतो आणि सर्वांत जास्त भुलवतो. गाडी चपळ वाटते, पण वेळ कमी होईलच असं नाही. वळणाच्या मध्यावर पुढचं आधी सुटतं की मागचं. आणि बाहेर पडताना आतलं मागचं चाक फिरतं का. ते फिरत असेल तर मागचा बार मऊ करा, मग बाकी काहीही वाटो.

खड्ड्यांच्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का आता दुसऱ्या चाकालाही पोहोचेल आणि डोकं डावी-उजवीकडे हलेल. ते फार होत असेल तर बार तुमच्या रस्त्यांना जास्तच कडक आहे.

१०. नंतरची देखभाल

शंभर मैलांनंतर, म्हणजे दीडशे-एकशे साठ किलोमीटरनंतर, मार्करच्या रेघा पाहा आणि टॉर्क पुन्हा तपासा. हळू वेगात खडखड ऐकू आली तर बहुधा लिंकचा नट सैल आहे. कुरकुर असेल तर बुश कोरडा झाला आहे. वळताना एकच ठक् असा आवाज आला तर बार आडवा सरकून कशाला तरी लागतो आहे.

बर्फ पडणाऱ्या भागात असाल तर नोव्हेंबरात मागचा बार सर्वांत मऊ भोकावर आणा. मूळ बार, बुश, ब्रॅकेट आणि बोल्ट एका खोक्यात, पुढचे-मागचे वेगळे लेबल लावून, बिलाच्या प्रतीसह ठेवून द्या. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाइकांना मूळ भागच हवे असतात.